वहिवाटीचा हक्क : कार्यप्रणालींच्या स्पर्धेचा एक इतिहास

साहित्यविषयक लेखनाच्या या जागेत संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा, म्हणजे कार्यप्रणालींचा, इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आमच्यापुरते त्याचे उत्तर एका लघुप्रबंधात आहे. आमच्यापैकी एकाने २००२ साली एम.ए.साठी लिहिलेला हा लघुप्रबंध त्या वेळच्या रीतीप्रमाणे एका डीटीपी केंद्रात टाइप करून घेतला होता. त्याच्या आरंभी मार्गदर्शक सरांनी लिहून दिलेले दोन पानांचे टिपण होते. ते अन्यत्र कोठेही छापलेले नाही. सर आता हयात नाहीत आणि लघुप्रबंधाची बांधीव प्रत घर बदलताना गहाळ झाली. फाइल मात्र फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर अशी वीस वर्षे जपलेली होती. दोन वर्षांपूर्वी ती नव्या संगणकावर उघडली. फाइल उघडली खरी, पण मराठीचे एकही अक्षर दिसेना. पानभर रोमन अक्षरे आणि त्यांच्या डोक्यावर टिंबे, छत्र्या. मजकूर ज्या फाँटमध्ये बसवला होता तो आता कोठे मिळत नव्हता, आणि जुन्या सीडीवरची तो फाँट बसवणारी आज्ञावली नव्या संगणकावर चालत नव्हती.

लिहिणाऱ्याने आपले श्रम कोणाच्या भरवशावर ठेवावेत, हा प्रश्न त्या दिवशी आमच्यापुढे उभा राहिला. आज्ञावली लिहिणाऱ्या प्रोग्रामरपुढे तो रोजच उभा असतो. मराठीत पदव्युत्तर पदवी घेऊन स्थानिकीकरणाच्या, क्वचित प्रोग्रामिंगच्याही वाटेला लागलेले आमचे विद्यार्थी अधूनमधून विचारतात: सर, विंडोज, मॅक की लिनक्स? या प्रश्नाचे उत्तर सहसा आज कोणती प्रणाली वेगवान किंवा देखणी आहे यात शोधले जाते. ते गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासात शोधावे असे आम्हांला वाटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रोग्रामरची आज्ञावली यंत्राशी थेट बोलत नाही. पडद्यावर चौकट काढ, फाइल उघड, कोणती कळ दाबली ते सांग, अशा शेकडो विनंत्या ती कार्यप्रणालीला करते. या विनंत्यांची नावे आणि त्यांचे नियम यांच्या यादीला तंत्रज्ञ एपीआय म्हणतात. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर ही 'वहिवाट' आहे: दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीतून जाणारी, पण वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यामुळे हक्काची वाटू लागलेली वाट. जमीन कंपनीची असते, चालणारे प्रोग्रामर असतात. मालकाने एके दिवशी वाटेवर कुंपण घातले, तर त्या वाटेने बाजारला जाणाऱ्याचे काय होते, ही या स्पर्धेची खरी कथा आहे.

मालकाचे बळ कशात असते, हे अमेरिकेतील मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९मध्ये नोंदवून ठेवले. ग्राहक ती प्रणाली घेतात जिच्यासाठी पुष्कळ आज्ञावली उपलब्ध असतात. प्रोग्रामर त्या प्रणालीसाठी लिहितात जिच्याकडे पुष्कळ ग्राहक असतात. त्या वेळी विंडोजसाठी सत्तर हजारांच्या घरात आज्ञावली होत्या. नव्या प्रतिस्पर्ध्याने कितीही चांगली प्रणाली बांधली, तरी तिच्यावर चालणारे काही नसेल तर ती ओसाड वाड्यासारखीच राहणार. थोडक्यात, प्रणालीचे भवितव्य तिच्या लेखकांच्या हाती असते आणि लेखकांचे भवितव्य प्रणालीच्या हाती. या परस्परावलंबनात कोणी कोणाशी कसा व्यवहार केला, ते आता क्रमाने पाहू.

आरंभ पराभूतापासून करणे बरे. एप्रिल १९८७मध्ये आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ओएस/टू ही प्रणाली जाहीर केली. डॉसची जागा ती घेणार, असे दोघांचेही म्हणणे होते. पण मे १९९०मध्ये आलेले विंडोज ३.० अनपेक्षित खपले आणि भागीदारी तुटली. आयबीएमने १९९२ साली आणलेली ओएस/टूची दुसरी आवृत्ती तांत्रिकदृष्ट्या तत्कालीन विंडोजहून सरस मानली जाई. डॉसच्या आणि विंडोजच्याही आज्ञावली तिच्यावर चालत आणि याची आयबीएमने मोठी जाहिरात केली. घात तेथेच झाला. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली ओएस/टूवर चालतेच, तर ओएस/टूसाठी वेगळे लेखन कोणी का करावे? प्रोग्रामरांनी सरळ विंडोजसाठी लिहिले आणि दोन्हीकडचा ग्राहक मिळवला. प्रणालीची स्मृतीची भूक आणि नव्या संगणकांवर आधीच बसवलेले विंडोज, ही कारणेही होतीच. तरीही आतिथ्याने यजमानाचे स्वतःचे वाङ्मय निर्माणच होऊ दिले नाही, हे या पराभवाचे सार आहे. डिसेंबर २००५मध्ये ओएस/टूची विक्री थांबली आणि पुढच्या वर्षअखेर तिची देखभालही.

विजेत्या मायक्रोसॉफ्टचे वर्तन पाहण्यासारखे आहे. डिजिटल कंपनीतून आलेल्या डेव्हिड कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेले विंडोज एनटी जुलै १९९३मध्ये बाहेर पडले आणि त्याबरोबर विन३२ ही वहिवाट रुजली. ऑगस्ट १९९५च्या विंडोज ९५ने ती घरोघरी नेली. जुन्या आज्ञावलींसाठी मायक्रोसॉफ्टने घेतलेल्या कष्टांची एक कथा, पूर्वी तेथेच काम केलेल्या जोएल स्पॉल्स्की यांनी २००४ सालच्या एका लेखात सांगितली आहे. सिमसिटी या लोकप्रिय खेळात एक चूक होती: वापरून परत केलेली स्मृती तो खेळ पुन्हा वाचायला जाई. जुन्या प्रणालीवर हे खपत होते, नव्या विंडोजवर खेळ कोसळला असता. तेव्हा हा खेळ चालू आहे हे ओळखून त्याच्यापुरते स्मृतिवाटपाचे नियम शिथिल करण्याची तजवीज विंडोजमध्ये केली गेली. एका कवीचा वृत्तभंग झाकण्यासाठी वृत्ताचा नियमच त्याच्यापुरता सैल करण्यासारखे हे झाले! शुद्धतावाद्यांना ते रुचणार नाही, पण ज्याची आज्ञावली वाचली त्याला यातील मोल कळते.

त्याच लेखात स्पॉल्स्की यांनी मायक्रोसॉफ्टमधील दोन पंथांचे वर्णन केले आहे. एक पंथ जुने काहीही मोडू नये म्हणणारा. दुसरा, नव्या मांडणीसाठी जुने सोडा म्हणणारा. दुसऱ्या पंथाचा जोर वाढला, असे त्यांचे निदान होते, आणि पुढच्या वर्षांनी त्याला बरेचसे दुजोराच दिला. २००२ साली डॉटनेट आले. २००३मध्ये 'लाँगहॉर्न' या भावी विंडोजचे मोठे स्वप्न प्रोग्रामरांना दाखवले गेले. २००४मध्ये ते काम जवळजवळ नव्याने सुरू करावे लागले आणि त्यातील फाइलव्यवस्था पुढे सोडूनच दिली गेली. सिल्व्हरलाइट २००७मध्ये आले, ऑक्टोबर २०२१मध्ये त्याची देखभाल संपली. २०१२च्या विंडोज ८बरोबर आणखी एक वहिवाट आली आणि २०१५च्या विंडोज १०बरोबर तिचे रूप बदलले. मौज अशी, की मालकाची प्रत्येक नवी सूचना शिरोधार्य मानून ज्यांनी दर वेळी पुनर्लेखन केले त्यांचे श्रम वाया गेले, आणि विन३२ची जुनी पायवाट न सोडणारे हट्टी लोक आजही निर्धास्त चालत आहेत.

या दोन पंथांच्या मध्ये सापडलेल्या व्हिज्युअल बेसिकचे उदाहरण भाषेच्या अभ्यासकांना विशेष उद्बोधक वाटेल. १९९८ साली आलेली तिची सहावी आवृत्ती जगभरच्या कार्यालयांतून, कारखान्यांतून वापरात होती. २००२मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच नावाची पण जुनीशी न जुळणारी भाषा आणली. २००८मध्ये जुन्या भाषेच्या लेखनसाधनांची देखभाल थांबवली. मात्र त्या भाषेत पूर्वी लिहिलेल्या आज्ञावली चालवण्यासाठी लागणारा भाग विंडोज ११मध्येही आहे. पोथी वाचली जाते, पण त्या भाषेत नवी ओळ लिहिण्याची साधने मालकाने काढून घेतली आहेत. अशा भाषेला जिवंत म्हणावे की मृत, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवतो.

ॲपलचा मार्ग याच्या उलट आहे. १९८४च्या मॅकिन्टॉशची प्रणाली दशकभरात थकली. तिच्या जागी योजलेला 'कोपलंड' प्रकल्प १९९६मध्ये गुंडाळावा लागला, आणि नवी प्रणाली घरात घडत नाही म्हणून बाहेरून विकत घेण्याची वेळ आली. ॲपलमधूनच बाहेर पडलेल्या दोघांची दोन घरे त्यासाठी पाहिली गेली: जाँ-लुई गासे यांची बीओएस आणि स्टीव्ह जॉब्ज यांची नेक्स्ट. डिसेंबर १९९६मध्ये चाळीस कोटी डॉलरांहून अधिक किमतीला नेक्स्टचा सौदा जाहीर झाला. १९९७मध्ये ॲपलने प्रोग्रामरांना सांगितले, की आता सर्व काही नेक्स्टच्या पद्धतीने नव्याने लिहा. अडोबीसारख्या मोठ्या कंपन्यांनी त्यास नकार दिला. मालकाला वाटसरूंपुढे नमावे लागल्याचा हा दुर्मीळ प्रसंग होय. १९९८मध्ये ॲपलने 'कार्बन' नावाचा पूल बांधला. त्यावरून जुन्या आज्ञावली थोड्या दुरुस्तीने नव्या प्रणालीवर येऊ शकत होत्या. मार्च २००१मध्ये मॅक ओएस टेन बाजारात आली.

पण ॲपलचे पूल कायमचे नसतात. कार्बनला चौसष्ट-बिटी रूप मिळणार नाही, हे २००७मध्ये स्पष्ट झाले. मग अडोबीला फोटोशॉपची मॅकवरील आवृत्ती नव्या पद्धतीने लिहावी लागली आणि ती २०१०मध्ये आली. २००६मध्ये इंटेलच्या प्रोसेसरकडे वळताना जुन्या आज्ञावलींसाठी 'रोझेटा' हा दुभाषी दिला होता. २०११च्या प्रणालीतून तो वगळला गेला. २०१९मध्ये बत्तीस-बिटी आज्ञावली सरसकट बंद झाल्या. २०२०पासून ॲपलचे स्वतःचे प्रोसेसर आले आणि नव्या रोझेटासह तोच खेळ पुन्हा सुरू झाला. मॅकसाठी लिहिणारा दर काही वर्षांनी पाठ शुद्ध करून नवी प्रत काढत राहतो. ज्याला ते जमते त्याची आज्ञावली तरुण राहते. ज्याचा कर्ता निवर्तला किंवा ज्याची कंपनी बुडाली, त्या आज्ञावलीला मात्र तेथे आसरा नाही.

आणि तरीही या सतत मोडणाऱ्या घरात एक जुनी खूण टिकून आहे. मॅकवरील आणि आयफोनवरील मूळ वर्गनामांच्या आरंभी 'एनएस' ही दोन अक्षरे सर्रास आढळतात. ती नेक्स्टस्टेप या १९८९ सालच्या प्रणालीच्या नावातून आलेली आहेत. नेक्स्टचे संगणक बाजारात फारसे खपले नाहीत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०मध्ये पहिला वेब-ब्राउझर त्यांवर लिहिला, तरीही खपले नाहीत. हरलेल्या प्रणालीची वहिवाट मात्र विजेत्याच्या घरात अनामिकपणे नांदते आहे. स्थलनामांत आणि आडनावांत लुप्त बोलींचे अवशेष शोधणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.

तिसरा स्पर्धक लिनक्स. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१मध्ये आपल्या छंदाची वार्ता जाहीर केली. पुढच्या वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याखाली ते काम सर्वांसाठी खुले झाले. लिनक्सच्या गाभ्यापुरता टॉरवाल्ड्स यांचा नियम कडक आहे: गाभ्यातील बदलामुळे कोणाची चालती आज्ञावली बंद पडली, तर चूक गाभ्याची. गाभ्याबाहेर, म्हणजे वापरणाऱ्याच्या नजरेसमोरच्या पडद्यावर, असा नियम कोणी पाळला नाही. केडीईची चौथी आवृत्ती २००८मध्ये आणि ग्नोमची तिसरी २०११मध्ये आली तेव्हा आधीची मांडणी मोडली आणि मोठा असंतोष माजला. येथे मुक्त परवान्याचा अर्थ प्रकट झाला. ज्यांना जुने ग्नोम हवे होते त्यांनी त्याची संहिता उचलून 'माते' या नावाने ते चालू ठेवले. व्हिज्युअल बेसिकच्या लेखकांना जे करता आले नाही ते यांना करता आले, कारण संहिता त्यांच्या हाती होती. बीओएसची कथाही अशीच आहे. २००१मध्ये ती कंपनी एक कोटी दहा लाख डॉलरांना पाम कंपनीला विकली गेली आणि प्रणाली संपली. पण त्याच वर्षी काही स्वयंसेवकांनी तिची पुनर्रचना आरंभली, आणि 'हायकू' या नावाने ते काम आजही चालू आहे. मूळ संहिता बहुतांशी बंद असल्याने त्यांना ती बहुतांशी नव्याने लिहावी लागली, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

लिनक्सच्या इतिहासातील सर्वांत मोठी विसंगती अजून सांगायची आहे. विंडोजच्या आज्ञावली लिनक्सवर चालाव्यात म्हणून १९९३मध्ये 'वाइन' हा प्रकल्प सुरू झाला. त्यावर उभारलेले 'प्रोटॉन' व्हॉल्व्ह कंपनीने २०१८मध्ये आणले, आणि २०२२च्या तिच्या हातातल्या खेळयंत्रावर, स्टीम डेकवर, विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. परिणामी काही प्रोग्रामर अर्ध्या थट्टेने म्हणतात, की लिनक्सच्या पडद्यावरील सर्वांत टिकाऊ वहिवाट म्हणजे विन३२च! ओएस/टूला ज्या आतिथ्याने बुडवले तेच लिनक्सला का बुडवत नाही? आम्हांला वाटते, याचे उत्तर उपजीविकेत आहे. ओएस/टूला खपण्यावाचून जगता येत नव्हते. लिनक्सचा संसार सर्व्हरांवर आणि मोबाइलवर चालतो. पडद्यावर कोणी त्याचे स्वतःचे वाङ्मय लिहिले नाही तरी त्याचा श्वास थांबत नाही. उलट २०१६पासून मायक्रोसॉफ्टनेच विंडोजच्या आत लिनक्सच्या आज्ञावली चालवण्याची सोय केली आहे. वैरी एकमेकांच्या वाटा सांभाळू लागले आहेत.

या तिघांच्या भांडणात चौथ्याचा लाभ झाला, तो ब्राउझरचा. इतकेच नव्हे, २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टने काढलेले व्हीएस कोड हे प्रोग्रामरांचे आवडते लेखनसाधन ब्राउझरच्याच तंत्रावर उभे आहे आणि तिन्ही प्रणालींवर सारखेच चालते. मात्र त्या तंत्राचा पाया असलेले क्रोमियम प्रामुख्याने गूगलच्या हाती आहे. जुन्या मालकाच्या जाचातून सुटून नव्या मालकाच्या जमिनीत शिरणे, एवढाच अर्थ याला उरू नये.

मग विद्यार्थ्याला काय सांगावे? लिहून ठेवलेली आज्ञावली हात न लावता वीस वर्षे चालावी असे वाटत असेल, तर विंडोजची जुनी वाट अद्याप सर्वांत भरवशाची. दरवर्षी हस्तलिखितावर बसण्याची तयारी असेल, तर मॅकचे अंगण सुबक आहे आणि तेथे दादही मिळते. कोणाच्याही निर्णयाने आपले लेखन संपू नये असे वाटत असेल, तर लिनक्स. पण संहिता हाती असली तरी तिची राखण स्वतःलाच करावी लागते, हे ओळखून. परंतु हा इतिहास आम्हांला याहून महत्त्वाचे काही शिकवतो. मालकाच्या आश्वासनाने वहिवाट टिकतेच असे नाही. एकापेक्षा अधिक मालकांच्या जमिनीतून जाते तीच टिकते. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये युनिक्सने घालून दिलेली रीत आज लिनक्समध्ये आहे, मॅकमध्ये आहे, आणि मागील दाराने विंडोजमध्येही आहे. विन३२ मायक्रोसॉफ्टइतकीच वाइनच्या स्वयंसेवकांनी जपली आहे. ज्या वाटेवर एकट्याचाच ताबा, ती वाट तो म्हणेल त्या दिवशी बंद.

आमच्या लघुप्रबंधाचा फाँट अशा एकट्याच्या वाटेवरचा होता. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतांकांवर त्याने आपल्या मर्जीने देवनागरीचे तुकडे बसवले होते. दुसऱ्या विक्रेत्याची बसवणी निराळी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत राखले. विसाव्या शतकाच्या आरंभी तिची उकल होईपर्यंत ते मराठीच्या इतर वाचकांना बंदच होते. पंथाचा हेतू निदान जपणुकीचा होता. फाँटविक्रेत्यांच्या लिप्या निव्वळ व्यवहारातून जन्मल्या आणि व्यवहार संपताच मुक्या झाल्या. वास्तविक युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे आणि ती भारतीय मानकाच्या आधारानेच घेतली गेली. विंडोज २०००मध्ये ती वापरण्याची सोयही होती. आम्हीच ती वाट ओळखली नाही.

अखेर एका माजी विद्यार्थ्याने त्याच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर वाइनच्या साहाय्याने ती जुनी, सोळा-बिटी आज्ञावली चालवून पाहिली. ती चालली. फाँट मिळाला, अक्षरे जुळली, आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेता आला. जोडाक्षरे काही ठिकाणी तुटली होती, ऱ्य आणि ऱ्ह हाताने दुरुस्त करावे लागले. सरांचे ते दोन पानांचे टिपण आम्ही मोठ्याने वाचले. त्याच्या प्रती आता तिन्ही प्रणालींवर ठेवल्या आहेत, आणि एक कागदावर.